शेवटची वीस पानं

जनू म्हात्रेला वाचता येत नव्हतं, आणि तो पेणच्या एका वाचनालयात चौदा वर्षं लोकांना पुस्तकं सुचवत होता.

हे असं एकदम सांगितलं की लबाडी वाटते. पण जनू लबाड नव्हता, भित्रा होता. खाडीकाठच्या मिठागरात वाढलेला माणूस. शाळेच्या वयात त्याच्या हातात पाटी आली नाही, मीठ ओढायचं फळीचं दांडकं आलं. पुढे उधाणाच्या पाण्यानं बांध फुटला, मिठागर बसलं, आणि जनू कामाच्या शोधात पेणला आला. वाचनालयाचे चिटणीस महिपतराव यांना झाडलोट करायला, कपाटं उघडायला, सकाळच्या वेळी पुस्तकं द्यायला माणूस हवा होता. त्यांनी सहज विचारलं, "चौथी झालीय ना?"

"व्हय," जनू म्हणाला.

त्या एका शब्दाचं भय त्याला चौदा वर्षं पुरलं.

आकडे त्याला येत होते. पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या होत्या, नोंदवहीत लिहायचं काम वाचक स्वतःच करत, त्यामुळे दिवस निघत. वर्तमानपत्र उलगडताना आधी फोटोतल्या माणसाचं डोकं वर आहे ना ते तो बघे. कुणी म्हातारा म्हणाला, "जनू, चष्मा विसरलो रे, एवढं वाचून दाखव," की लगेच त्याच्या डोळ्यात कचरा जाई. तेसुद्धा सारखं करता येत नाही. म्हणून सकाळी दार उघडताना त्याला रोज धास्ती वाटे, की आज कोण काय वाचायला सांगेल.

मग तो पुस्तकं सुचवायचा कशी? ऐकून. पुस्तक परत द्यायला आलेल्या माणसाला तो सोडत नसे. "कसं वाटलं? आवडलं काय? गोष्ट कुणाची हाय?" लोकांना सांगायला आवडतंच. आणि जनूच्या कानात पडलेलं बाहेर जात नसे. कुठल्या पुस्तकात सासू कजाग आहे, कुठल्यात खुनी शेवटपर्यंत कळत नाही, कुठलं मधेच रटाळ होतं पण नेटानं वाचावं, सगळं त्याच्या डोक्यात नंबरासकट बसलेलं. कॉलेजची पोरं, महसूल खात्यातले निवृत्त सर्कल साहेब हैबतराव, शिक्षिका, सगळे त्याला विचारत, "जनूभाऊ, नवीन काय चांगलं?" सिनेमाबद्दल तो बिनधास्त बोले, कारण ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असत. पुतण्याकडे टीव्ही आल्यापासून रविवारच्या मालिकांबद्दलही तो हात हलवून हलवून बोलायचा. पुस्तकाची गोष्ट निघाली की मात्र त्याचा आवाज खाली यायचा. लोकांना वाटे, जनूभाऊ पुस्तकांचा मान राखतात.

सगुणा त्याच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिची आई गोदूबाई तिला हाताला धरून घेऊन आली होती. सगुणाचा नवरा गोविंदा पेणच्या एका कारखान्यात गणपतींची आखणी करायचा. मूर्तीचे डोळे काढायचं काम ते. त्याचा हात असा होता की लोक मूर्ती नेताना विचारत, डोळे गोविंदानं काढलेत ना? त्या दोघांचा सात वर्षांचा मुलगा विसर्जनाच्या दिवशी गर्दीत पाण्यात गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, भोगावती नदीच्या खालच्या अंगाला. त्यानंतर गोविंदानं कुंचला हातात धरला नाही. रोह्याला केमिकल कंपनीत लागला, सगुणाला घेऊन तिकडेच राहायला गेला. एकदा सगुणा भर दुपारी नदीत कमरेपर्यंत चालत गेली होती, आणि कपडे धुणाऱ्या बायकांनी तिला ओढून बाहेर काढलं, एवढं पेणमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

"हिला कायतरी वाचायला दे रे जनू," गोदूबाई म्हणाली होती. "घरात नुसती भिंतीकडं बघत बसते."

सगुणा टेबलाशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "जनूभाऊ, कुठलंही द्या. फक्त लेकरू जातं असं देऊ नका. एवढं बघून द्या."

"बघून देईन," जनू म्हणाला.

तिथून त्याच्या भयाला दुसरं तोंड फुटलं. आता पुस्तक परत येताना तो आणखी एक गोष्ट विचारू लागला. "त्यात लहान पोर हाय काय? त्याचं शेवटी बरं होतं ना?" लोक हसत. पण तो दोन-दोन माणसांना विचारल्याशिवाय सगुणाला पुस्तक देत नसे. दर पंधरा दिवसांनी ती रोह्याहून गाडीनं आईकडे येई आणि पुस्तक बदलून नेई. दोन वर्षं झाली. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. कधी कधी ती एखाद्या गोष्टीबद्दल चार वाक्यं बोलेही. जनूला तेवढ्यानं दिवसभर बरं वाटे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फाल्गुनात नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यातलं 'आडबंदरची माणसं' हैबतरावांनी सगळ्यात आधी नेलं आणि आठवड्यानं परत आणलं. "फार शांत पुस्तक आहे, जनू. बंदरावरचा एक म्हातारा आणि त्याची नात. वाचताना वारा लागल्यासारखं वाटतं."

"नात बरी ऱ्हाते ना?"

"अरे, गोड पोर आहे! दे कुणालाही."

शनिवारी सगुणा आली. दुसऱ्या कुणी ते वाचलेलं नव्हतं. दोघांना विचारून झालेलं दुसरं पुस्तकही तयार नव्हतं. जनूनं ते पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "वारा लागल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. ती थोडीशी हसली आणि पिशवीत घालून घेऊन गेली.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला सरू आली. सरू गडब गावच्या शाळेत शिकवायची आणि येता-जाता वाचनालयात डोकवायची. नवीन पुस्तकांच्या यादीवरून बोट फिरवता फिरवता ती थांबली. "आडबंदर आलं वाटतं? मी गेल्या मे महिन्यात मावशीकडे वाचलं होतं. बाई गं! ती नात शेवटी बुडते ना, त्यानंतर मी दोन दिवस धड जेवले नाही."

जनूच्या हातात फडकं होतं. ते हातातच राहिलं.

"बुडते?"

"शेवटची वीस पानं आहेत बघा. तोवर कल्पनासुद्धा येत नाही. का हो? कुणाला दिलंत?"

"हैबतरावांनी नेलंतं," जनू म्हणाला. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

संध्याकाळी तो हैबतरावांच्या घरी गेला. त्यांच्या डोळ्याला हिरवी पट्टी होती. "शेवट? शेवट कुठला वाचतोय मी! मोतीबिंदूची तारीख आली ना मध्येच. थोडी पानं राहिली होती. का रे, काय होतं शेवटी?"

जनू चपला घालून बाहेर आला.

सरूला त्याच वेळी सांगितलं असतं तर तिनं तार लिहून दिली असती, आणि सोमवारच्या सोमवारी ती रोह्याला पोचली असती. पण सरू विचारणार, जनूभाऊ, तुम्ही स्वतः का लिहीत नाही? तुम्ही न वाचताच दिलंत का? त्या दोन प्रश्नांना घाबरून जनूनं एक अख्खा दिवस घालवला. पुढे आयुष्यभर त्याला याच गोष्टीची लाज वाटली, वाचता येत नसल्याची तेवढी नाही. सगुणा सावकाश वाचते, असं तो स्वतःला सांगत राहिला. तीच म्हणाली होती, गोविंदा फर्स्ट शिफ्टला गेला की काम आवरून दुपारी थोडं थोडं वाचते. पुस्तक मोठं आहे. शनिवार, रविवार, सोमवार. किती पानं झाली असतील? हिशोब लागेना. डोळ्यांसमोर सारखी ती नदीत कमरेपर्यंत उभी दिसे.

मंगळवारी सकाळी त्यानं वाचनालयाची किल्ली महिपतरावांच्या घरी दिली, पोटात दुखतंय म्हणाला, आणि एसटी स्टँडवर आला. स्टँडवर तोबा गर्दी. दोन गाड्या शेजारी शेजारी लागलेल्या. त्यानं एका माणसाला विचारलं, "रोह्याची ना?" त्या माणसानं मान हलवली, पण ती दुसऱ्या गाडीकडे बघून. जनू समोरच्या गाडीत घुसला. दाराशी इतकी माणसं होती की कंडक्टर त्याच्यापर्यंत यायला नागोठणं मागे पडलं.

"कुठं?"

"रोहा."

"रोहा? अरे बाबा, ही महाडची. पाटी वाचली नाहीस?"

आसपासची चार डोकी वळली. जनूच्या कानापर्यंत रक्त चढलं. गाडी खांबच्या थांब्यावर उभी राहिली होती. कंडक्टर "कोलाडला उतर, तिथून मिळेल," म्हणत असतानाच तो धक्के देत खाली उतरला, कारण आपण आणखी लांब चाललो आहोत एवढंच त्याला कळत होतं. गाडी निघून गेली, आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. डोक्यावर ऊन. गोव्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत जात होते, कुणी थांबत नव्हतं. अर्ध्या तासानं विटांच्या टेम्पोनं त्याला कोलाडपर्यंत घेतलं. तिथं त्यानं तीन जणांना विचारून, तिघांचं उत्तर एकच आल्यावर रोह्याची गाडी पकडली.

रोह्यात उतरला तेव्हा एक वाजून गेला होता. सगुणाचा पत्ता वाचनालयाच्या नोंदवहीत होता, पण तिथं असला काय आणि नसला काय. "पेणचा गोविंदा कुठं ऱ्हातो? गणपतीचे डोळे काढायचा तो?" असं विचारत तो फिरला. इथं गोविंदा गणपती काढायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका पानवाल्यानं कंपनीच्या माणसांची चाळ दाखवली. चाळीतल्या तिसऱ्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. पुतळी तिचं नाव, हे त्याला नंतर कळलं.

"सगुणा कुठं गेली गो आजी?"

"गंगेवर."

"नदीवर? कशाला?"

"मला काय म्हाईत? धुणं नव्हतं तिच्यापाशी. पुस्तक होतं हातात. कालपासनं जेवली पण नाय ती."

जनूचे पाय ज्या वेगानं निघाले तो वेग त्यानं मिठागर सोडल्यापासून कधी अनुभवला नव्हता. कुंडलिका नदीचा घाट जवळच होता. वरच्या पायरीवर तो धापा टाकत थांबला. दुपारचा घाट रिकामा होता. अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, सगुणा बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ती दचकली आणि घसरली तर? तो एकेक पायरी उतरत, चप्पल हातात घेऊन, तिच्यापासून दोन हातांवर येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "सगुणाबाई."

ती वळली. डोळे सुजलेले होते. "जनूभाऊ? तुम्ही इथं?"

जनूचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतं. डाव्या हाताला पानांचा जाड थर होता, उजव्या हाताला अगदी पातळ. अजून राहिली होती तेवढी पानं.

"ते पुस्तक द्या. कमिटीनं मागवलंय. तपासणी हाय."

"त्यासाठी रोह्याला आलात?" तिनं पानं चाळली. "वीसच राहिलीत. बसा थोडं. संपवते नि देते."

"नको."

"नको म्हणजे? कालपासून मला चैन नाही. घरात बसवेना म्हणून इथं आले. म्हाताऱ्यानं होडी दुरुस्त करायला काढलीय, ती पोर सारखी त्याच्या मागं मागं पाण्याकडे जातेय. मला उगाच भीती वाटते. पण तुम्ही बघून दिलंयत म्हणून धीर धरून वाचतेय."

जनूनं नुसता हात पुढे केला. पुस्तकाची कड धरली ती सोडेना. सगुणानं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"जाते ना ती पोर?"

जनूनं मान खाली घातली.

"तुम्ही वाचून दिलंत ना हे?"

"नाय."

"मग?"

"मला वाचता येत नाय, सगुणाबाई." घाटावर दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं मागे वळून पाहिलं. "कधीच येत नव्हतं. लोकांनी सांगितलेलं मी तुम्हाला सांगायचो. हैबतरावांनी शेवट वाचलाच नव्हता. मला काल सकाळीच कळलं. कालच यायला पायजे होतं. भ्यालो."

सगुणानं पाण्यातले पाय वर घेतले, पोटाशी आवळले. आवाज अगदी कोरडा होता. "दोन वर्षं. प्रत्येक पुस्तक उघडताना मी स्वतःला सांगायचे, जनूभाऊंनी बघितलंय. म्हणजे तेव्हाही कुठल्याही पानावर काहीही निघालं असतं."

"दोघांना तरी विचारायचो..."

"जा तुम्ही."

"पुस्तक..."

"पुस्तक माझ्याकडं राहू दे. जा म्हटलं ना!"

जनू उठला, दहा पायऱ्या वर चढला आणि तिथं बसला. पाण्याशी तिला एकटं सोडून जायची त्याची छाती नव्हती, आणि जवळ बसायचं तोंड नव्हतं. ती पाठमोरी होती. पुस्तक मिटलेलं होतं. वारा आला की तिचा पदर हलायचा, आणि तेवढ्यानं जनू अर्धा उठून उभा राहायचा. असं किती वेळा झालं कोण जाणे. तीनचा भोंगा झाला, तेव्हा ती उठली, त्याच्याकडे न बघता त्याच्या शेजारून वर गेली. तो वीस पावलं मागून चाळीपर्यंत गेला.

गोविंदा सायकल टेकवत होता. जनूनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, न वाचता येण्यासकट. तासाभरात दुसऱ्यांदा. गोविंदा मुळातच कमी बोलणारा. त्यानं ऐकून घेतलं, हातातला डबा खिडकीत ठेवला.

"आलास ते बरं केलंस," तो म्हणाला. "पण ते पुस्तक आता परत नेऊ नकोस. तिला अर्धवट माहीत झालंय. अर्धवटच जास्त वाईट. आधी मी वाचतो."

जनू पेणला परतला. दुसऱ्या दिवशी महिपतरावांसमोर उभा राहिला, आणि आता धीर गेला तर पुन्हा येणार नाही या भीतीनं एका दमात सांगून टाकलं. महिपतराव खुर्चीतून उठले, दार लावून आले. "कमिटीला कळलं तर पहिला जाब मला विचारतील! चौदा वर्षं, जनू? कुणाजवळ बोलू नकोस."

"नाय साहेब. आता सांगनार."

कमिटीनं त्याला काढलं नाही, पण पुस्तकं द्यायच्या टेबलावरून उठवलं. झाडलोट तेवढी राहिली. हैबतराव मात्र पट्टी काढल्यावर मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू माझंच मत मला ऐकवत होतास की काय रे!" लोक हसले. जनूही हसला, पण त्याचं चित्त दारात होतं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, सगुणा आली नाही.

वैशाखात गोदूबाई पुस्तक घेऊन आली. जनू केर काढत होता. त्याचा हात थांबला.

"जावयानं वाचून दाखवलं तिला," ती खाली बसत म्हणाली. "चार दिवस लागले. एकेक पान वाचायचा नि थांबायचा म्हणे. मग दोघं लेकराबद्दल बोलायला लागली. त्याचं नाव घेतलं रे त्यांनी घरात. तीन वर्षांत नव्हतं घेतलं." तिनं डोळे पुसले. "रडली लय. आता जेवते."

"माझ्यावर रागावलीय काय?"

"व्हय," गोदूबाई म्हणाली. "लय."

राग गेला असं सगुणा कधी म्हणाली नाही. पण पावसाळा संपल्यावर एका शनिवारी ती आली. टेबलावर नवा माणूस होता, नंबर बघून पुस्तकं देणारा. सगुणा त्याच्या पुढून कपाटांपाशी गेली, जिथं जनू फडकं मारत होता.

"काय नवीन?"

जनूनं वरच्या फळीवरचं एक पुस्तक दाखवलं, हातात दिलं नाही. "हे सरूबाई म्हणतात चांगलं हाय. शेवटपर्यंत वाचलंय त्यांनी, मी तीनदा विचारलं. हैबतराव पण बोलले. मी वाचलेलं नाय."

"लेकरू आहे?"

"हाय. एक मुलगा."

"आणि?"

"मोठा होतो म्हणे. नोकरीला लागतो. बापाशी भांडतो."

सगुणानं पुस्तक काढून घेतलं, मागची पानं उघडली, आणि तिथंच, कपाटाला टेकून, शेवट वाचू लागली. जनू फडकं धरून उभा राहिला. पान उलटताना तिचे ओठ हलत होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काहीच कळत नव्हतं.